वाढत्या अंगाचं माप

मला बहीण झाली! दहावीच्या वह्यांना कव्हरं घालून झाली होती, शाळा उघडायला आठ दिवस उरले होते, आणि पंधरा वर्षं एकटीनं काढल्यावर मला, युसराला, बहीण झाली. सहा आठवडे आधीच आली. कळंबहून आम्ही अम्मीला घेऊन धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात पोचलो, तासाभरात तिचं सिझर झालं, आणि वजन निघालं एक किलो चारशे ऐंशी ग्रॅम. मी लगेच हिशोब केला, माझं दप्तर यापेक्षा जड असतं.

बाळाला खालच्या मजल्यावर पेटीत ठेवलं. ऊब देणारी काचेची पेटी असते ती. अम्मी वरच्या मजल्यावर, बाळंतिणींच्या वॉर्डात. मधे मी. खालून वर, वरून खाली. बाळाच्या खोलीत फक्त आईला सोडतात, पण बाहेरच्या काचेला नाक लावून बघायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तिथल्या शिवांजली सिस्टर मला बघितलं की हसायच्या.

मागच्या वर्षीपर्यंत मी दुकानात गिऱ्हाइक आलं तरी अम्मीच्या मागं लपायची. मग शाळेच्या गॅदरिंगला मॅडमनी माझ्या हातात माइक दिला, आणि तेव्हापासून मला कुणाचीच भीती वाटत नाही. सिस्टरना मी काय काय विचारलं नसेल! ती नळी कशाची? ती हसली का? मुली झोपेत हसतात का? त्या म्हणायच्या, "अगं ए, डॉक्टर राउंडला येत न्हाईत इतक्यांदा तू येतीस."

चौथ्या दिवशी त्यांनीच मला बोलावून घेतलं.

"हे बघ, बाळाची ऑक्सिजनची नळी काढली आज. स्वतःचा श्वास घेतीय मस्त."

मी तिथंच उडी मारली.

"थांब थांब, सगळं ऐकून घे. वजन उतरून एक किलो चारशेवर आलंय. सुरुवातीला उतरतंच, त्याचं काय न्हाय. पण आता चढायला पाहिजे, आणि त्यासाठी तिला कांगारू द्यायचंय. आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवायचं, रोज काही तास. ऊब मिळती, वजन वाढतं, आईला दूधपण येतं. तुझी अम्मी खाली कधी येणार?"

माझी उडी जमिनीवर आली. कारण अम्मी एकदाच खाली आली होती, दुसऱ्या दिवशी, व्हीलचेअरवर. त्या नळ्या, ती वायर, ते काडीएवढे पाय बघितले आणि तिला गरगरलं. तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. दूध काढायचा पंप लावला की दोन्ही वेळचं मिळून चमचाभर निघायचं.

मी वर जाऊन सगळं सांगितलं. अम्मी भिंतीकडंच बघत म्हणाली, "राहू दे तिला पेटीतच. तिथं नीट आहे ती. मी धरली आणि निसटली तर?"

"अम्मी, सिस्टर असतात ना बाजूला!"

"आणि त्या खोलीत अंग उघडं टाकून बसू? जाणारे येणारे बघतील. पोरगी दहावीला आणि मी ही अशी."

दादी म्हणजे अब्बांच्या आई, नसीमबी. त्या कॉटच्या पायथ्याशी तसबीह, म्हणजे जपमाळ, घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तौबा! बरोबर आहे तिचं. आमच्या वेळी असलं कांगारू का फांगारू न्हवतं."

"सिस्टर म्हणाल्या, ओढणीनं गुंडाळून बसता येतं."

"ओढणी सैल होती," अम्मी म्हणाली. "सुटली म्हणजे?"

ओढणी सैल होते! मग सैल न होणारं काहीतरी पाहिजे! मी व्हरांड्यात जाऊन अब्बांना फोन लावला. अब्बा टेलर आहेत. कळंबच्या निम्म्या पोरांचे गणवेश आमच्याच दुकानात शिवले जातात, आणि जून म्हणजे अब्बांना मान वर करायला सवड नसते. बाळ बघून ते दुसऱ्याच दिवशी मशीनवर परत गेले होते.

"अब्बा, असा कपडा शिवा की अम्मीच्या छातीवर बाळ बसेल, वरून झाकलेलं राहील, आणि मागं घट्ट नाड्या."

"शिवतो की! माप सांग."

"एक किलो चारशे."

"अगं येडे, वजन नको, माप! डोक्यापासून खाली किती, छाती किती?"

"मला आत कुठं सोडतात?"

"बरं, अंदाजानं शिवतो. अम्मीची जुनी मलमलची ओढणी हाय, तिचाच शिवतो. मऊ लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळंबच्या एसटीतून पार्सल आलं. मी स्टँडवर आधीच उभी. कंडक्टरनी पुडकं हातात देत विचारलं, "काय हाय गं ह्यात?"

"माझ्या बहिणीचा कपडा!"

"किती वर्षांची हाय?"

"पाच दिवसांची!"

सगळी एसटी हसली. दवाखान्यापर्यंत मी अर्धी वाट पळत, अर्धी चालत गेले.

कपडा देखणा होता. मागं बांधायच्या नाड्या, मानेला गोल पट्टी, पोटाशी पिशवी. शिवांजली सिस्टर खास बघायला वर आल्या. त्यांनी पडदा ओढला, एक टॉवेल गुंडाळून बाळाएवढी गुंडाळी केली आणि म्हणाल्या, "उझमाताई, आधी ह्याला घेऊन बघा. हा पडला तर रडणार न्हाय."

अम्मीनं नाइलाजानं कपडा चढवला. मी मागं गाठी मारल्या. सिस्टरनी टॉवेल आत सोडला.

टॉवेल वरून आत गेला आणि खालून बाहेर आला. धप्पकन, थेट अम्मीच्या मांडीवर.

मला वाटलं, संपलं, आता अम्मी परत भिंतीकडं वळणार. पण अम्मी कपडा उलटा करून शिवण चाचपत होती.

"अम्मा," ती दादींना म्हणाली, "बघा, तुमच्या लेकानं काय केलंय. सगळीकडनं तीन तीन बोटं ढिला. शिवाय आत दुमडून अजून कपडा ठेवलाय. पुढच्या वर्षी उसवून मोठा करायला!"

आमच्या दुकानात जूनमध्ये येणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट सांगतो, मास्तर, पोरगं वाढतं हाय, वाढत्या अंगाचं शिवा. वीस वर्षं अब्बांनी तेच केलंय. पहिलीच्या पोराचा शर्ट तिसरीपर्यंत चालतो. त्यांच्या कात्रीला बेतशीर म्हणजे काय तेच ठाऊक नाही.

आणि अम्मी हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. "अगं आई गं, हसवू नका, टाके ओढतात!" दादी तसबीह सोडून हसायला लागल्या. शेजारच्या कॉटवरच्या, लोहाऱ्याहून आलेल्या मावशी पडद्याआडून ओरडल्या, "काय झालं ओ? आमालाबी सांगा की!"

अम्मीनं माझा फोन घेतला. "अहो, हे काय पाठवलंय? पोरगी चौथीत जाईपर्यंत पेटीत ठेवायची का?"

पलीकडून अब्बा चाचरत होते. "अगं, माप न्हवतं... हात आपोआपच..."

"हात आपोआप! मी दुकानात नसले की असंच. ठेवा, मी बघते." फोन बंद. मग माझ्याकडं वळून, "युसरा, सुई-दोरा आण. पांढरा. आणि कात्री सिस्टरकडं माग."

दुकानात काज-बटण, तुरपाई, आणि अब्बांनी बिघडवलेलं सगळं नीट करणं हे अम्मीचंच काम. तिनं भराभर शिवण उसवली. टाचण्या नव्हत्या म्हणून बोटांनी चुण्या धरल्या. आणि मग थांबली.

"किती आत घेऊ?"

"मी काचेतून अंदाज..."

"अंदाजानंच हे झालंय. शाळेचा शर्ट नाही हा. घट्ट झाला तर तिचा श्वास कोंडेल." ती सुईकडं बघत राहिली. मग तिनं पाय खाली सोडले. "चप्पल दे."

"व्हीलचेअर आणू?"

"चप्पल दे म्हणते ना."

एक हात माझ्या खांद्यावर, एक पोटावर, अशी ती रॅम्पवरून उतरली. मधे तीनदा थांबली. दादी मागून "हळू, बेटा, हळू" करत होत्या. खाली तिनं कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला आणि आत गेली. मी आणि दादी काचेला चिकटलो.

मापाची टेप आत चालणार नव्हती. अम्मीनं सिस्टरना आपला हात दाखवला, अंगठा आणि करंगळी ताणून. वीत! सिस्टरनी पेटीची खिडकी उघडली.

अम्मीनं हात जपून आत घातला. अंगठा बाळाच्या टोपीशी ठेवला, करंगळी खाली ताणली. तेवढ्यात बाळानं अंग ताणून आळस दिला. माप चुकलं. अम्मीनं परत वीत ठेवली. बाळानं लाथ मारली. परत चुकलं. आत सिस्टर हसताहेत, बाहेर मी ओरडतेय, "अम्मी, ती मुद्दाम करतीय!", आणि वॉचमन मला दटावतोय.

तिसऱ्यांदा अम्मीनं वीत ठेवली आणि हात उचललाच नाही. तसाच ठेवला, सगळ्या पाठीवर पसरून. पाठ केवढी, तर तिच्या तळहाताएवढी.

मग सिस्टरनी अम्मीच्या गाऊनकडं बोट केलं. समोर ओला डाग पडला होता. बघता बघता मोठा होत होता. अम्मीनं खाली बघितलं, मग काचेतून आमच्याकडं बघितलं.

"आलं! दूध आलं!" दादी इतक्या जोरात ओरडल्या की वॉचमन मला सोडून त्यांच्याकडं वळला. "माशाअल्लाह! दूध आलं!"

"आजी, हळू बोला."

"हळू काय बोलू? नात हाय माझी आत!"

वर आल्यावर अम्मीनं पाऊण तासात कपडा नवा केला. दीड वीत आणि दोन बोटं. सुईत दोरा मी ओवून देत होते. मधेच तिनं सिस्टरना निरोप धाडला, मान कुठं राहील, पाय कसे राहतील? सिस्टर येऊन सांगून गेल्या, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, नाक मोकळं. अम्मीनं मानेची पट्टी खोल कापली. अब्बांची गोल पट्टी गेली, आणि त्यांना फोनवर तसं कळवण्यातही आलं.

दुपारी कांगारूच्या खोलीत उशी धरायला म्हणून सिस्टरनी मला आत येऊ दिलं. आधी टॉवेल. टॉवेल जागचा हलला नाही. मग बाळ. टोपी, लंगोट, बाकी नुसती ती. सिस्टरनी तिला अम्मीच्या छातीवर ठेवलं, पाय बेडकासारखे दुमडले, वरून कपडा घेतला, नाड्या बांधल्या. बाळ दोनदा कुरकुरलं, गाल घासला, आणि गप झालं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त टोपीचं टोक दिसत होतं.

अम्मीनं दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं होतं. श्वाससुद्धा जपून घेत होती.

"हात सोडा आता," सिस्टर म्हणाल्या.

"नको."

"सोडा. तुमची शिलाई हाय, ताई. सोडून बघा."

अम्मीनं एक हात काढला, हळूच, दुधावरची साय उचलावी तसा. मग दुसरा. दोन्ही हात हवेत धरून ती बसून राहिली. बाळ जिथल्या तिथं. झोपलेलं. कपड्यावर एक बारीक टेकाड वर खाली होत होतं.

"युसरा," अम्मी कुजबुजली, "गरम आहे गं ही."

मी उशी तिच्या कोपराखाली सरकवली.

जरा वेळानं तिनं हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवले, मान मागं टाकली, आणि आपल्या नेहमीच्या, दुकानातल्या आवाजात म्हणाली, "उभी काय राहिलीस? वर जा. दादींना म्हणावं, डब्यात काय असेल ते गरम करून ठेवा. दोन भाकरी तरी पाहिजेत. मला लई भूक लागलीय."

मी पळत सुटले. वॉचमन मागून ओरडला, "ए पोरी, पळू नको!" पण मी तेव्हा अर्धा रॅम्प चढून गेले होते.