मला चाके नाहीत

खिळ्याला टांगलेला टॉवेल. कोणी काढलेला नाही.

गोल लोखंडी पाय, चार बोल्ट, फरशी.

"जेवलात का, काकू?"

आरशावर टाकलेली जुनी चादर.

वस्तरा लावण्याआधी एक खोटे वाक्य.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांचे कोणी लागत नाहीत, असे तुम्हाला वाटेल. दुकानात खाली पडलेले केसही तसेच दिसतात. कोणाचे कुठले, काही कळत नाही. पण झाडून एका कोपऱ्यात आणले की दिवसभर कोण कोण येऊन गेले ते समजते. तेव्हा जरा थांबा. मी झाडते आहे.

मी केस कापण्याच्या दुकानातली खुर्ची. एका कारखान्यात माझा पाय ओतला गेला, पाठ वाकवली गेली, अंगावर लाल रेक्झीन चढले. पायाशी पंप. दांडी दाबली की मी गिऱ्हाइकाला घेऊन वर जाते. मालकांनी मला दुकानात आणले आणि फरशीला भोके पाडून चार बोल्टांनी घट्ट बसवले. त्या दिवसापासून मी एक वीतभरही हलले नाही. फिरले मात्र खूप, जागच्या जागी.

माझ्या हातांवर फळी टाकून लहान मुले बसली, रडली. तीच मुले पुढे फळीशिवाय बसली आणि मिशी कशी ठेवू विचारू लागली. लग्नाआधी नवरदेव बसले. "खुर्ची आहे की पाळणा," म्हणत म्हातारे माझ्यावर घोरले.

या घोरण्यामुळेच मालकांची एक सवय होती. दाढीचा वस्तरा गळ्याला लावण्याआधी ते हमखास एक खोटे वाक्य बोलत. "काल तुमच्याकडे हत्ती आला होता म्हणे?" गिऱ्हाईक दचकून "काय?" म्हणाले, तर मालक वस्तरा उघडत. "हो हो" म्हणाले, तर मिटून ठेवत. "हा इथे नाही," ते हळूच म्हणत. "याची मान कधीही लवंडेल." मग त्या माणसाच्या तोंडावर गार पाण्याचा हबका बसे.

पुढे मालक आजारी पडले आणि गेले. दुकानाचे शटर अर्धे खाली आले, ते तसेच राहिले. बाईंनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, आरशावर चादर टाकली. एकटीला आरसा बघवत नाही, असे काही त्या म्हणाल्या नाहीत. मला आपले वाटले. तोवर माझा पंपही थकला होता. कोणी बसले की मी हळूहळू, न सांगता खाली यायची.

जागा रिकामी करायची होती. मला विकायचे ठरले. मालकांच्या धाकट्या बहिणीने फोनवरून समजावून सांगितले आणि बाईंनी जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात माझा फोटो टाकला.

"वहिनी, बघितला फोटो," नणंद म्हणाली. फोन नेहमी स्पीकरवर असे. "पुढे तुझी चप्पल आलीय. खुर्ची विकतेयस की चप्पल?"

"दोन्ही ने."

पहिले काही दिवस लोक "शेवटचा भाव?" एवढेच विचारत आणि उत्तर मिळाले की गडप होत. मग एक माणूस आला. म्हणजे, त्याचे निरोप आले. बाई माझ्यावर बसून ते मोठ्याने वाचत. "काकू, खुर्ची फारच आवडली. तुम्ही सांगाल तो भाव मंजूर. माझी बदली लांब झालीय, बघायला जमणार नाही. माझा माणूस गाडी घेऊन येईल. बाजाराच्या ॲपवर नको, तुमच्या नंबरवरच बोलू."

बाईंनी नंबर दिला. मग रोज दुपारी फोन वाजू लागला. "जेवलात का, काकू?" "तब्येतीला जपा, काकू." बाई वाचत, उत्तर लिहीत, पुन्हा वाचत, आणि तोवर मी त्यांना घेऊन पार खाली आलेली असे.

"वहिनी, भाव न करता घेणारा माणूस कधी बघितलायस?" नणंद म्हणाली. "तू कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोनदा उठून जातेस."

"असतात काही चांगली माणसं."

"असतात ना. पण खुर्ची घ्यायची तर ती आधी तिच्यावर बसून बघतात. आणि घाई कसली त्याला? तुझ्या ओळखीच्या माणसाला पाठव म्हणावं, खुर्ची बघू दे, इथंच रोख दे."

"दिवसभरात मला जेवलात का म्हणून कोण विचारतं, सांग."



"जेवलीस का?" नणंदेने विचारले.

"आता विचारतेस होय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दुपारी निरोप आला. "काकू, गाडी निघाली. पैसे पाठवतोय. चौकोनी चित्र पाठवलंय ते स्कॅन करा आणि तुमचा गुप्त आकडा टाका, लगेच खात्यात जमा होतील. लवकर करा, गाडीचं भाडं चढतंय."

मालकांच्या आजारपणातून जे काही उरले होते ते सगळे त्या एका खात्यात होते. बाईंच्या म्हातारपणाची तेवढीच काठी. त्यांनी चष्मा पुसला. शेजारचा मुलगा स्कॅन करायला शिकवून गेला होता, ते त्यांना नीट आठवत होते. अंगठा आकड्यांवर गेला. मी खाली येत होते. मित्रांनो, मला हात आहेत, पण ते फक्त इतरांचे हात ठेवण्यासाठी. मी तळाला टेकले तेव्हा टक् असा आवाज झाला. एवढेच मला जमले.

बाईंनी मान वर केली. समोर खिळ्याला मालकांचा टॉवेल होता.

त्यांनी गुप्त आकडा टाकला नाही. एकेक अक्षर शोधत लिहिले, "चाकं जरा गंजलीत. चालेल ना?"

उत्तर क्षणात आले. "चालेल काकू. चाकं मी बदलून घेईन."

बाई माझ्या गोल पायाकडे, त्या चार बोल्टांकडे बघत राहिल्या.

"हा इथे नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी लिहिले, "पैसे घ्यायला माझा आकडा कशाला लागतो?"

"मस्करी नको काकू. गाडी दारात आलीय."

बाई उठून शटरपर्यंत गेल्या, वाकून बघितले. रस्त्यावर एक मांजर होते. परत येईपर्यंत शेवटचा निरोप आला होता. "द्यायची तर दे, नाहीतर सोड." काकू गेली होती, अहो-जाहो गेले होते. थोड्या वेळाने त्याच्या नंबरावर दिसणारा फोटोही गेला.

बाईंचे खाते वाचले. पण त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दुपारी, नेहमीच्या वेळेला, त्यांनी फोन उचलून उगाच बघितला. तो लबाड होता हे त्यांना माहीत होते. माहीत असून बघितला.

खरे गिऱ्हाईक आले ते कुरकुरतच. केस कापण्याचे स्वतःचे दुकान असलेली एक धिप्पाड बाई. तिने पाठ थोपटली, रेक्झीन नखाने खरवडले, मग धप्पकन बसली.

"अहो, ही बसतेय की म्हशीसारखी!"

"चाकंही गंजलीत," आमच्या बाई म्हणाल्या.

"कुठली चाकं? चष्मा बदला बाई तुम्ही."

बाई हसल्या. इतक्या दिवसांनी हसल्या की तोंडावर हात धरावा लागला. आणि भाव स्वतःहून उतरवून दिला. बोल्ट काढले तेव्हा फरशीवर माझ्या पायाचा पांढरा गोल उरला. बाई त्याच्या कडेने चालत शटरपर्यंत गेल्या, गोलावर पाय न देता.

आता माझा पंप दुरुस्त झाला आहे. मी खाली येत नाही. नव्या दुकानात आरसे उघडे आहेत, गर्दी आहे. आमच्या बाई अजून आलेल्या नाहीत.

मित्रांनो, न बघता, न बसता, भाव न करता कोणी तुमची वस्तू घ्यायला निघाले, तर एक खोटे वाक्य टाकून बघा. आणि घरात, शेजारी कोणी एकटे असेल, तर जेवलात का एवढे तुम्हीच विचारा. तुम्ही नाही विचारले तर दुसरे कोणीतरी विचारते.

शेवटच्या आजारात मालकांची दाढी बाईच करत. एका सकाळी त्यांना माझ्यावर बसवून बाईंनी विचारले होते, "बाहेर पाऊस पडतोय ना?" मालक "हो" म्हणाले होते. बाहेर ऊन होते. बाईंनी वस्तरा मिटून ठेवला.