निरोपाचं कार्ड

लेकीच्या शाळेत निम्मी मुलं परदेशातली. बापाची बदली झाली की मूल जातं आणि अख्खा वर्ग त्याला सह्या केलेलं निरोपाचं कार्ड देतो. आम्ही पडलो इथलेच. तिसरीपर्यंत लेकीने अशा एकोणीस कार्डांवर सह्या ठोकल्या.

काल तिच्या दप्तरात तिच्याच नावाचं कार्ड सापडलं. ‘सुखरूप जा’, खाली अकरा सह्या. माझं डोकंच फिरलं. मी तडक बाईंना फोन लावला, “पोरीला शाळेतून काढलंत की काय?” बाईंना काही पत्ताच नव्हता.

“मीच करून घेतलं,” लेक पेन्सिलीला टोक काढत म्हणाली.

“अगं, तू कुठे निघालीस?”

“कुठेच नाही. पण मी कधी निघालेच, तर सह्या करणारे कुठे असतील? ते सगळे जूनमध्ये जाणार आहेत.”