‘इतर’ नावाचे फोल्डर

“इथून एक फाटा काढा,” जनसंपर्क अधिकारी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून म्हणाला. बोटाचा तेलकट ठसा काचेवर उमटला. “दुर्गंधी, गढूळ, जुलाब, उलट्या... असले शब्द बातमीत आले की ती वेगळ्या फोल्डरमध्ये गेली पाहिजे.”

“कुठल्या?” कात्रणबाईंनी विचारले.

“द्या काहीतरी नाव. ‘इतर’ द्या.”

“आणि ते उघडणार कोण?”

“अहो बाई, कोणी उघडायचं असतं तर वेगळं कशाला काढलं असतं?” तो हसला आणि त्यांच्या टेबलावरची टाचणी उचलून नखातला मळ काढू लागला. काढलेला मळ त्याने तिथेच, त्यांच्या कागदांवर झटकला.

पाणीपुरवठा कार्यालयात त्या सव्वीस वर्षे कात्रणे कापत होत्या. खरे नाव पगारपत्रकापुरते उरले होते. रोज सकाळी नऊ वर्तमानपत्रे, कात्री, डिंक. पाण्याबद्दलची तक्रार दिसली की ती कापायची, क्रमांक टाकायचा आणि त्या भागाच्या अभियंत्याकडे पाठवायची. सात दिवसांत त्याने काय केले ते लिहून सही करायची. बाई व्हरांड्यात दिसल्या की निम्मे अभियंते जिन्याकडे वळत.

गेल्या वर्षी कार्यालयात वर्तमानपत्रे येणे बंद झाले. बातम्या आता संगणकावरूनच गोळा होणार होत्या. एक दिवसाचे प्रशिक्षण झाले, त्यात बाकीचे पेंगले आणि प्रश्न विचारले ते फक्त बाईंनी. घरी त्यांनी कागदावर चौकटी काढून नवऱ्याला समजावून सांगितले. तो निवृत्त बसचालक होता आणि संगणकाला वचकून असे.

“हे बघा, या चौकटीत बातम्यांची संकेतस्थळं. नवीन काही आलं की दर पंधरा मिनिटांनी इकडे येतं. मधल्या चौकटीत शब्द टाकायचे, पाणी, नळ, टाकी. त्यातलं सापडलं की बातमी आपोआप क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये जाते, आणि त्या अभियंत्याला मेल.”

“म्हणजे पाइपलाइनच की गं! मधे गाळणी, शेवटी टाकी.”

“अगदी! आणि कोड एक ओळ लिहायचा नाही. नुसत्या चौकटी जोडायच्या.”

“मग तू प्लंबर झालीस म्हण या वयात,” नवरा म्हणाला, आणि दोघे कितीतरी वेळ हसले होते.

तीन दिवसांत त्यांनी सगळे जोडले. सकाळी आठला संकेतस्थळावर आलेली तक्रार सव्वाआठला अभियंत्याच्या मोबाइलवर वाजू लागली. अभियंत्यांनी बोंब ठोकली. ती बोंब अधिकाऱ्यापर्यंत गेली, आणि म्हणून आज तो इथे नखे कोरत बसला होता.

“साहेब, हे बरोबर नाही,” बाई म्हणाल्या.

“निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची?”

“दोन.”

“गोपनीय अहवाल मीच लिहितो ना?”

फाटा काढायला चार मिनिटे लागली. सव्वीस वर्षांत त्यांनी एक कात्रण केरात टाकले नव्हते, आणि आता चार मिनिटांत सगळ्या तक्रारींची वाट वळवून झाली.

दोन महिन्यांनी सभागृहात अधिकाऱ्याने भिंतीवर आलेख दाखवला. तक्रारी ऐंशी टक्क्यांनी कमी. टाळ्या झाल्या. “याचं श्रेय आमच्या बाईंच्या यंत्रणेला,” असे म्हणून त्याने त्यांना पुष्पगुच्छ दिला. देठांचे बुळबुळीत पाणी तळहाताला लागले. घरी येईपर्यंत तो वास हाताला होता. त्या जेवल्या नाहीत.

“पोट बिघडलंय का?” नवऱ्याने विचारले.

“हो,” त्या म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात खालच्या पेठेत सांडपाण्याची वाहिनी फुटून पिण्याच्या पाण्यात मिसळल्याचे उघडकीस आले. दीडशे माणसे रुग्णालयात गेली. त्यातली तीन परत आली नाहीत. चौकशी लागली.

चौकशीच्या सकाळी अधिकारी बाईंच्या टेबलाशी आला. अत्तर घमघमत होते. “ते ‘इतर’ रिकामं करून टाका. आणि विचारलंच तर, यंत्रानं बातम्या उचलल्याच नाहीत म्हणायचं. यंत्र आहे, चुकतं.”

“यंत्र चुकलं नाही.”

“बाई, तो नियम कोणाच्या नावानं लागलाय? तुमच्या. मी तर साधं लॉगिनसुद्धा केलेलं नाही. विचार करा.”

तो गेल्यावर त्यांनी ते फोल्डर पहिल्यांदा उघडले. दोनशे बारा बातम्या. यंत्राने एकही सोडली नव्हती. तारखेनुसार नीट लावून ठेवल्या होत्या. नळातून अळ्या. पाण्याला संडासाचा वास. शाळेतली अठरा मुले आजारी. मधे एक वाचकाचे पत्र होते, खालच्या पेठेतल्या एका न्हाव्याचे. ‘आमच्या गल्लीत चार दिवस पिवळे पाणी येत आहे. माझी पत्नी आजारी आहे. कृपया कोणीतरी येऊन पाहावे.’ पहिल्या मृत्यूच्या अकरा दिवस आधीचे.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचले. फोल्डर रिकामे केले नाही.

चौकशी अधिकारी एक रुक्ष, चष्मा लावलेली स्त्री होती. “कार्यालयाला याची कल्पना केव्हा आली?” तिने विचारले.

“कल्पना नव्हतीच, मॅडम,” जनसंपर्क अधिकारी हात पसरून म्हणाला. “यंत्रणेत काही आलंच नाही.”

“आलं होतं,” कात्रणबाई म्हणाल्या. त्यांनी संगणक तिच्याकडे वळवला. “ही सगळी नोंद. कुठली बातमी किती वाजता आली, कुठल्या शब्दावरून वळली, कुठे गेली.”

“हा नियम कोणी लावला?”

“लावायला यांनी सांगितलं. लावला मी.”

“खोटं आहे! काही पुरावा?” अधिकारी ओरडला.

“तुमच्याविरुद्ध नाही. माझ्याविरुद्ध आहे,” बाई म्हणाल्या. “माझा लिहून घ्या.”

चौकशी अधिकाऱ्याने लिहून घेतले. पुढे जनसंपर्क अधिकाऱ्याची दुसऱ्या गावी बदली झाली, त्याच पदावर. निरोप समारंभात त्यालाही पुष्पगुच्छ मिळाला. बाईंना कारणे दाखवा नोटीस आली आणि त्यांची रवानगी आवक-जावक विभागात झाली. तिथे येणाऱ्या पाकिटांवर शिक्के मारायचे.

बदलीनंतरच्या पहिल्या रविवारी त्या खालच्या पेठेत गेल्या. रस्ता खणलेला होता आणि काळा गाळ कडेला ढिगाने पडला होता. न्हाव्याचे दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होते. गिऱ्हाईक नव्हते. तो वस्तऱ्याला धार लावत होता.

“तुमचं पत्र छापून आलं होतं,” बाई दारातून म्हणाल्या. “मी पाणीपुरवठा कार्यालयातून आलेय.”

त्याने हातातला वस्तरा खाली ठेवला. “वाचलं होतं का हो कोणी? तेवढंच मला कळायला हवंय. ती शेवटपर्यंत म्हणत होती, येतील, पत्र छापलंय ना, येतील.”

“पोचलं होतं त्याच दिवशी. वाचलं नाही कोणी. अशी पत्रं कोणासमोर येऊ नयेत, अशी सोय केली होती. ती मी केली होती.”

रस्त्यावरून कोणीतरी बादली घेऊन गेले. बाईंना वाटले, आता हा अंगावर येईल. यावे, असेही वाटले. त्यांनी दाराची चौकट सोडली नाही.

न्हावी उठून आत गेला. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा पेला होता.

“उकळलेलं आहे,” तो म्हणाला. “उन्हातून आलायत.”

बाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला. पाणी अजून कोमट होते. त्या उभ्या राहूनच ते प्यायल्या, थेंबही न ठेवता, आणि तो समोर उभा राहून ते संपेपर्यंत बघत राहिला.