सगळं माझंच आहे

“मिसेस पोंक्षे, एअरपोर्टवर ऑफिसरने तुम्हाला विचारलं, या बॅगेतलं सगळं सामान तुमचंच आहे का? तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हणाले.”

“का?”

“आता का म्हणजे काय गं ऊर्मी? सगळेच म्हणतात.”

ऊर्मीने पेन टेबलावर टाकलं. “काकू, सगळेच म्हणतात हे उत्तर नाहीये. सरकारी वकील म्हणणार, तिला माहीत होतं आत काय आहे, म्हणूनच ती खोटं बोलली. दॅट्स देअर होल केस.”

मी तव्यावर थालीपीठ लावत होते. ऊर्मी आमच्या डोळ्यांसमोर ओटावात लहानाची मोठी झालेली पोर. तिचं मराठी थोडं अडखळतं, पण वकिली अजिबात नाही. आज ती आमच्याच स्वयंपाकघरात खोटी खोटी सरकारी वकील झाली होती आणि जयंतीताई आरोपी. जयंतीताई मात्र खऱ्याखुऱ्या आरोपी होत्या. ड्रग्ज देशात आणणं आणि विकण्यासाठी जवळ बाळगणं, असे दोन फेडरल गुन्हे त्यांच्यावर होते. सिद्ध झाले असते तर चौसष्टाव्या वर्षी बाई तुरुंगात.

आणि बाई कोण, तर जयंती पोंक्षे! इथल्या एका शाळेच्या किचनमध्ये पोरांना सूप वाढण्यात जिचं आयुष्य गेलं, नवरा गेल्यावरही जिने कुणापुढे रडगाणं गायलं नाही. दर हिवाळ्यात ती सांगलीला आईकडे जायची आणि जाता-येता आम्हा सगळ्यांची कुरिअर कंपनी व्हायची. “जयंतीताई, जाताय ना? एवढंसं आहे हो पार्सल!” हे एवढंसं कधीच एवढंसं नसायचं. एकदा तर त्या कुणाचा तरी पाटा-वरवंटा घेऊन आल्या! स्वतःच्या साड्या सांगलीत ठेवल्या आणि वरवंटा आणला. आत काय आहे हे मात्र कधी बघायच्या नाहीत. “दुसऱ्याचा डबा उघडू नये,” म्हणायच्या.

पकडल्या गेल्या त्या वर्षी, सांगलीत असताना त्यांना यशोधन नावाच्या कुणाचा तरी फोन आला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून नंबर मिळाला म्हणाला. ओटावात बहिणीची वास्तुशांत आहे, समयांची जोडी न्याल का? नव्या उपरण्यात गुंडाळलेल्या, वर हळदकुंकू वाहिलेलं. जयंतीताईंनी पार्सलला नमस्कार केला आणि बॅगेत ठेवलं. इथे उतरल्यावर ऑफिसरने समयांची बैठक काढली, तर आत केटामीन, नशेची पूड. यशोधनचा फोन तेव्हापासून बंद आहे.

जामिनाच्या वेळी जज म्हणाले, कुणीतरी श्युरिटी राहायला हवं. म्हणजे आपलं घर तारण लावायचं, बाईंना आपल्याकडे ठेवायचं, आपल्याशिवाय बाहेर पाठवायचं नाही. मी विलासकडे पाहिलं. माझा नवरा एरवी नव्या विंटर टायर्ससाठी आठवडाभर विचार करतो. त्या दिवशी त्याने एवढंच विचारलं, “सही कुठे करायची?” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी या माणसाचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच नाही.

तेव्हापासून जयंतीताई आमच्या बेसमेंटमध्ये राहत होत्या. त्यांचा पासपोर्ट कोर्टात होता. त्यातच सांगलीला त्यांची आई गेली. शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर. दहाव्या दिवशी त्यांनी डेकवर बर्फात भाताची मूद ठेवली. कावळा काही आला नाही. खार आली आणि खाऊन गेली.

मी म्हटलं, “अहो, हुसकावू का तिला?”

“खाऊ दे गं,” त्या म्हणाल्या. “आईला खारी आवडायच्या. आणि तुझ्या दारात भात ठेवायला मिळाला, हे काय कमी आहे? जेलात कुठे ठेवला असता?”

असं ही बाई बोलते! मला रडूही येतं आणि रागही येतो.

ऊर्मीने थालीपीठ खाता खाता सांगितलं, “आपल्याला एक विटनेस पाहिजे. जिने काकूंना बंद पार्सल दिलं आणि वर सांगितलं, विचारलं तर तुमचंच म्हणा. म्हणजे ते उत्तर जुन्या सवयीचं होतं, ड्रग्जसाठी नव्हतं, हे दिसेल.”

“मी सांगते की! मीही दिलीयेत पार्सलं.”

“मावशी, तुझं घर लागलंय यात. सरकारी वकील म्हणणार, ती घर वाचवायला बोलतेय.”

मग मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. हात जोडलेले इमोजी आले, ‘स्टे स्ट्राँग’ आलं, माणूस एकही आला नाही. हळदीकुंकवाला मी शेवटी बोललेच. “काय हो, भाजणीचं पीठ आणि पापड घेताना कशा रांगा लावत होतात! आता सगळ्यांची दातखीळ बसली का?” बायका तिळगुळाच्या ताटाकडे बघत राहिल्या. एकीने हळूच म्हटलं, “सीमा, आमच्या नोकऱ्या आहेत गं. आगीत हात कोण घालणार?”

घरी येऊन मी जयंतीताईंना गाठलं. “तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं हो, सगळं माझंच म्हणायचं?”

“आठवत नाही.”

“खोटं बोलताय.”

“असेन खोटं बोलत. पण त्या पोरीचं नाव मी घेणार नाही. सरकारात आहे ती. तिची नोकरी घालवून मी सुटू होय? आई वरून बघत असेल.”

मी डोक्याला हात लावला. या हट्टी बाईपुढे साक्षात देवाने हात टेकले असते.

दोन दिवसांनी मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते, तर अनुया समोर येऊन उभी राहिली. आमच्यापेक्षा कितीतरी लहान, फेडरल खात्यात चांगल्या जागेवर, हळदीकुंकवाला गप्प बसलेल्यांपैकी एक. नाक लाल झालं होतं, ते नुसत्या थंडीने नव्हे.

“सीमाताई, ती मी.”

“काय ती तू?”

“काकूंना मीच शिकवलं होतं. सगळं माझंच म्हणा, नाहीतर बॅग उघडतात. मेतकुटाच्या डब्यात आईने आजीच्या बांगड्या घातल्या होत्या. सोन्याच्या. कस्टम्सला सांगायचं नव्हतं. काकूंना तर मी सांगितलंच नाही आत काय आहे.”

“हे कोर्टात सांगितलंस तर तुझ्या नोकरीचा सिक्युरिटी क्लिअरन्स?”

“जाईल कदाचित.” ती माझ्या फावड्याकडे बघत राहिली. “काकूंनी माझं नाव सांगितलं का कुणाला?”

“नाही. मी जंग जंग पछाडलं, तरी नाही.”

“म्हणूनच आलेय.”

जयंतीताई बेसमेंटचा जिना चढून वर आल्या, अनुयाला पाहून थबकल्या. “तू कशाला आलीस गं? जा बघू घरी.” मग तिचा चेहरा बघून म्हणाल्या, “बरं, आलीच आहेस तर जेवून जा.”

कोर्टात अनुयाने सगळं सांगितलं, बांगड्यांसकट. सरकारी वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे तुम्ही मिसेस पोंक्षेंच्या विश्वासाचा गैरफायदा घेतलात?”

“हो,” अनुया म्हणाली. “आणि मी एकटीच नाही. त्यांनी कधी डबा उघडला नाही, म्हणून तर आम्ही त्यांच्याकडे देत होतो.”

निकालाच्या दिवशी जज म्हणाले, बाई ऑफिसरशी खोटं बोलल्या हे खरं. पण ते खोटं ड्रग्ज लपवण्यासाठी होतं, याची माझी खात्री पटलेली नाही. नॉट गिल्टी. विलासने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. जयंतीताई उठल्या, जजना नमस्कार केला, ऊर्मीला पोटाशी धरलं आणि मग वळून सरकारी वकीलबाईंनाही हात जोडले. त्या बिचाऱ्या गोंधळून गेल्या.

मी कुजबुजले, “अहो, त्यांना कशाला?”

“त्यांचं काम होतं ते. पण एकदाही वेडंवाकडं बोलल्या नाहीत मला.”

अनुयाचा क्लिअरन्स पुन्हा तपासायला घेतला आहे. तोवर तिला साध्या कामावर बसवलंय. ती त्याबद्दल बोलत नाही आणि आम्ही विचारत नाही. जयंतीताई मात्र रोज देवापुढे तिच्या नावाने एक फूल जास्त वाहतात.

पासपोर्ट मिळाला आणि जयंतीताई आईच्या वर्षश्राद्धाला निघाल्या. निघायच्या आठवड्यात त्या सारख्या फोनजवळ बसायच्या. मला कळत होतं, त्या कशाची वाट बघतायत. एवढंसं पार्सल आहे म्हणून कुणाचाच फोन आला नाही. बॅग अर्धी रिकामी राहिली. एवढा खटला झाला, आई गेली, तेव्हा ज्या डगमगल्या नाहीत, त्यांनी ती हलकी बॅग दोनदा उचलून पाहिली आणि पुन्हा खाली ठेवली. मला फार वाईट वाटलं.

एअरपोर्टवर आम्ही रांगेत होतो, तेवढ्यात अनुया धावत आली. हातात पिशवी.

“काकू, एवढं माझ्या आईला द्याल?”

जयंतीताईंनी पिशवी घेतली आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या, “उघडून बघू का गं? रागावू नकोस हं.”

“बघा ना. नीट बघा.”

आत जाडजूड स्वेटर होता. त्यांनी बाह्यांतून हात घालून पाहिला, शिवण चाचपली, खिसे उलटे केले. मग आपल्या साड्यांच्या वर तो अलगद ठेवला, सुरकुती पडू नये असा.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “मॅम, सगळं सामान तुमचंच आहे?”

अनुयाने खाली पाहिलं. जयंतीताईंनी पदर सारखा केला.

“नो,” त्या म्हणाल्या. “वन स्वेटर इज नॉट माइन. इट इज फॉर हर मदर.” त्यांनी अनुयाकडे बोट दाखवलं. “आय हॅव सीन इट.”

मुलगी हसली आणि तिने बॅगेला टॅग लावला. बॅग पट्ट्यावरून आत जाईपर्यंत जयंतीताईंनी तिच्यावरचा हात काढला नाही.