केळुसकरांचं समीकरण

सोमवारी चहा पिता पिता केळुसकरांची सरळ रेषा झाली. खुर्ची रिकामी, बशीत अर्धा चहा, आणि चौकोनी फरशांवरून तिरपी निघालेली बारीक काळी रेघ. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई जन्मभर नववीला गणित शिकवत आलेल्या. त्यांनी नवऱ्याला लगेच ओळखलं.

"अहो, दुखतंय का?"

"दुखत नाही गं. पण दोन्ही टोकं लांबत चाललीयत. एक तर गावाबाहेर गेलं."

आवाजही बारीक झाला होता. समीकरण सापडलं नाही, तर अशी रेषा कुठे गेली हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही. ज्याचा चष्मा रोज शोधून दिला, तो माणूसच हरवायचा म्हणजे काय!

बाईंनी पदर खोचला. दाराकडे दोन फरशा गेलं की रेषा खिडकीकडे एक सरकत होती. म्हणजे चढ अर्धा.

"शून्य कुठे धरलंस?" केळुसकरांनी विचारलं.

"देवघराच्या उंबऱ्यावर."

"छे! तू उभी आहेस, तिथे शून्य. मी तर तिथूनच सगळं मोजत आलो."

"इश्श! हे आत्ता सांगताय?"

बाईंनी आपल्यापासून खिडकीकडे, रेषेपर्यंत फरशा मोजल्या. चार.

"पायाखालची कशाला धरतेस? याच चुकीसाठी पोरांना ओरडायचीस ना!"

मग तीन. "य बरोबर अर्धा क्ष अधिक तीन," बाई मोठ्यानं म्हणाल्या. रेषा शांत झाली.

त्या नवऱ्याकडे निघाल्या. पण शून्य चाललं की फरशाही त्याच्यासोबत चालतात. तीनच्या तीनच राहिल्या. बाईंना रडू कोसळलं.

"मग मीही येते तुमच्यासारखी," असं म्हणून त्या दाराकडे डोकं करून आडव्या झाल्या, अगदी त्यांच्याच तिरकेपणानं. संसारभर त्यांच्या पावलाला पाऊल जुळवायची सवय.

"अगं, नको! माझाच चढ धरलास तर जन्मात गाठ पडायची नाही. तुझा थोडा जास्त ठेव."

"मग पडेल?"

"खाडीच्या पुलापलीकडे. पण एकदाच हं. पुढे पुन्हा फाकत जाऊ."

"होईना का एकदाच," बाई म्हणाल्या.

त्यांनी अंग खिडकीकडे जरासं कलतं केलं. आधी अंबाडा, मग बांगड्या, मग खोचलेला पदर, सगळं काळं, बारीक होत दाराखालून बाहेर पडलं.