फिकीचा दिवस

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी ताटली आहे. माझा काठ निळा आहे आणि एका जागी टवका उडून आतलं काळं लोखंड दिसतं. तुम्ही म्हणाल, ताटलीची कसली आली आहे कहाणी! रोज वाढा, रोज घासा, संपलं. पण माझ्या अंगावर दरवर्षी डाळिंबाच्या चार झाडांचा निकाल लागत असे, आणि अशाच एका निकालाने एका झाडाचा जीव जायची वेळ आली होती. म्हणून सांगते, ऐका.

मुळात मी लोखंडाचा एक पत्रा. कारखान्यात एका दणक्यात मला गोल आकार दिला, दुधासारख्या पातळ लेपात बुडवलं आणि भट्टीत सरकवलं. आत सगळंच लाल होतं. भिंती लाल, हवा लाल, मीही लाल! वाटलं, आटोपला आपला कारभार. पण बाहेर येऊन गार झाले तर काय, शुभ्र आणि गुळगुळीत! जी आग मला जाळणार असं वाटलं होतं, तिनेच मला उजळलं. त्या दिवसापासून मला या जगाचं जे नवल वाटू लागलं ते आजतागायत ओसरलेलं नाही.

दुकानातून मला एका घड्याळजींनी आणलं. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. मला वाटलं होतं, आता गरमागरम जेवण वाढतील. कसलं काय! त्यांनी मला कामाच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्यात बारीक बारीक चाकं, काटे आणि डोळ्यांना दिसतील न दिसतील असे स्क्रू टाकले. "पांढऱ्यावर काही लपत नाही," ते म्हणायचे. पुढे त्यांचा हात कापू लागला, दुकान बंद झालं, आणि त्यांनी आपली सगळी शिस्त परसातल्या डाळिंबांवर आणून ओतली. माझीही तिथे बदली झाली.

परसात चार झाडं होती. तीन बाबांनी रोपवाटिकेतून निवडून आणलेली. पहिली राणी. तिचे दाणे गडद लाल आणि बी इतकं मऊ, की दाताला कळतही नसे. दुसरी दणकट. तिची साल जाड, फळ वजनदार, पण बी खाताना कानशिलं दुखायची. तिसरी ठेंगणी, कमरेएवढ्या उंचीची आणि फळांनी वाकलेली. चौथं झाड मात्र बाबांच्या सुनेचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिने आईच्या अंगणातली एक फांदी ओल्या कापडात गुंडाळून आणली होती. पुढे ते घर विकलं गेलं आणि त्या अंगणावर फरशी आली. आता आईच्या घरातलं म्हणावं असं तिच्याजवळ एवढंच झाड उरलं होतं.

ही सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. बोलणं कमी, ऐकणं जास्त. ती आली त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मावशींनी निकाल देऊन टाकला होता, "पोरगी चांगली आहे हो, पण जरा फिकीच!" पुढे तिच्या झाडाला फिक्या सालीची फळं लागली तेव्हा मावशी हसून म्हणाल्या, "झाडही मालकिणीवरच गेलंय." तेव्हापासून झाडाचं नाव फिकी पडलं.

डाळिंब उघडताना तुम्ही कधी नीट पाहिलं आहे का? बाबा सुरी फक्त सालीवरून फिरवत आणि फळ हाताने उकलत. पहिल्यांदा माझ्यावर राणी उकलली तेव्हा मी भान हरपून पाहतच राहिले. केवढी ती दाटीवाटी! आणि तरी एकाही दाण्याने दुसऱ्याला चिरडलेलं नाही. प्रत्येकाला आपापला कोपरा, मध्ये कागदाहून पातळ पडदे. ज्या बाबांनी जन्मभर घड्याळांची पोटं उघडली, तेही म्हणाले, "हे असं बसवायला मला जमलं नसतं बुवा."

पण कौतुक संपलं की परीक्षा सुरू. नियम काटेकोर होता. चारही झाडांची फळं एकाच सकाळी तोडायची, कारण दिवस वेगळा झाला तर तुलना कसली? माझ्यावर चार ढीग मांडायचे. बाबा, त्यांचा मुलगा आणि मावशी, तिघांनी डोळे मिटायचे. सुनेने मला गरकन फिरवायचं. मग समोर येतील त्या क्रमाने चारही ढिगांतले दाणे खाऊन प्रत्येकाने नंबर लावायचे. दरवर्षी राणी पहिली आणि फिकी शेवटची. सून हसून निकाल ऐकायची आणि मला घासून जागेवर ठेवायची.

एका वर्षी मात्र झाडं एकमेकांत घुसली. सावली दाट झाली, फळं लिंबाएवढी राहू लागली. बाबा म्हणाले, "चौघींना ऊन पुरत नाही. एकीला जावं लागेल. यंदा शेवटची येईल ती." त्या दिवशी सुनेने मला नेहमीपेक्षा एक फेरा जास्त फिरवलं, हे फक्त मला कळलं. मावशींनी फिकीचे दाणे तोंडात टाकले आणि खांदे उडवले. "अगंबाई! दातच आंबले!" बाबांचं आणि मुलाचं मतही तेच आलं.

स्वयंपाकघरात नवरा तिला हळूच म्हणाला, "मी बोलून बघू का बाबांशी?"

"काय बोलणार? डोळे मिटूनच खाल्लं ना सगळ्यांनी? लबाडी कुणी केली नाही." एवढं म्हणून ती मला घासायला वळली. नळ वाहत होता, तिचे डोळेही वाहत होते. मी हातातून निसटले आणि आदळले. हा टवका तेव्हाचा आहे.

टवका उडालेल्या ताटलीला स्वयंपाकघरात कोण ठेवणार? मला फिकीखाली पाखरांच्या पाण्यासाठी ठेवून दिलं. झाडं तोडणाऱ्याच्या हाताला लागलं होतं, म्हणून त्याने काही आठवड्यांनंतरचा दिवस दिला. आम्ही दोघी टाकाऊ तोवर एकमेकींच्या सोबतीला राहिलो.

खरं सांगते, एवढी वर्षं मी डाळिंबं पाहिली, पण झाड असं खालून कधी पाहिलंच नव्हतं! यंदा झाडच जाणार म्हणून फिकीची उरलेली फळं कुणी तोडली नव्हती, ती वाढतच होती. लाल होत नव्हती, पण साल पिवळसर होऊन तिच्यावर कानाच्या पाळीसारखी गुलाबी झाक आली. गोल फळांना कोपरे फुटले. आत दाणे इतके भरत होते, की सालच त्यांच्या आकाराची होत होती. कुणी पाहत नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं, आणि हे एवढं मोठं काम चाललं होतं! मी तर थक्क झाले.

झाड पाडायचा दिवस उजाडला. सून शेवटचं पाणी घालायला लवकर बाहेर आली. रात्रीतून एक फळ फांदीवरच उकललं होतं आणि त्याचे दाणे माझ्यात पडले होते. ते गुलाबी पांढरे होते आणि आरपार दिसत होते. तिने एक उचलून तोंडात टाकला आणि होती तिथेच थांबली. मग दुसरा खाल्ला. मग तिने मला उचललं, खळखळून धुतलं आणि जवळजवळ धावतच आत नेलं. साठवणीतलं राणीचं एक फळ फोडलं, फिकीचं एक तोडून आणलं, दोन ढीग मांडले. तेवढ्यात फाटकाशी करवतवाला आलाच.

"बाबा, डोळे मिटा," ती म्हणाली.

"आता कसली परीक्षा? माणूस खोळंबलाय."

"मिटा तर! दिवसभर लोकांना डोळे उघडा म्हणते, तुम्हाला एकदा मिटा म्हटलं तर काय बिघडलं?"

एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून ऐकून बाबांनी निमूट डोळे मिटले. मी गरकन फिरले. फिकीचा ढीग समोर आला. बाबांनी घास घेतला आणि त्यांचं तोंड चालायचं थांबलं.

"राणी. नाही, राणी नव्हे. राणीला ही मागची चव नाही. सरबत आहे की काय हे! कुठून आणलंस?"

"डोळे उघडा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्यावर काही लपत नाही, हे त्यांचंच बोलणं. ते पुटपुटले, "पण तेव्हा तर आंबट होतं. सगळी एकाच दिवशी तोडली होती ना आपण?"

"तोडली एकाच दिवशी, बाबा. पिकली नव्हती एकाच दिवशी."

बाबांनी फिकीचा आणखी एक दाणा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "चार घड्याळं एका वेळेला लावता येतात. झाडांचंही मी तेच करायला गेलो."

करवतवाल्याने विचारलं, "मग पाडायचं कुठलं?"

"कुठलंच नाही. करवत आणलीच आहेस, तर चौघींच्या आडव्या फांद्या उतरव. ऊन सगळ्यांना पुरेल. हे मला आधीच सुचायला हवं होतं."

मग ते सुनेकडे वळले. "तुझाही निकाल आम्ही पहिल्याच आठवड्यात लावून मोकळे झालो होतो. नाही का?"

सून हसली, डोळे पुसत हसली. "हो. पण पाडलं तर नाही ना तुम्ही!"

मित्रांनो, मला घरात परत जागा मिळाली. माझ्या टवक्याला गंज लागू नये म्हणून बाबा मला धुऊन लगेच कोरडी करतात. तुमच्या घरीही एखादी टवका उडालेली ताटली असेल, एखादं उशिरा फळणारं झाड असेल, एखादं अबोल माणूस असेल. त्याला टाकू नका, थोडं थांबा. आतमध्ये काय भरत चाललं आहे, ते वरून दिसत नाही.

आता वर्षातून एकदा नव्हे, चार वेळा मला परसात नेतात, प्रत्येकीच्या आपापल्या दिवशी. फिकीचा दिवस सगळ्यांत शेवटी येतो. त्या दिवशी कुणी डोळे मिटत नाही.