बाळारामचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. झाकण तुटलं म्हणून मला भंगार म्हणू नका, मला राग येतो.

ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाने मला विकत घेतलं. गरीब देश वर कसे येतात, हे शोधणारं विकासाचं अर्थशास्त्र तिथे भराभर वाढत होतं. आधी पापुआ न्यू गिनीचे मळे, मग इंडोनेशियाची भातशेती, असं करत तिथल्या अभ्यासकांची नजर आखातात राबणाऱ्या माणसांवर गेली. आमचे कुमारसाहेब मूळचे गुहागरचे. परदेशी कमाईने कोकणातली गावं सुधारतात का, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. मला घेऊन ते सौदीत, जुबैलला आले. कॅम्पातल्या कोकणी वेल्डर-फिटरांच्या मुलाखती मी टेप केल्या. काय रुबाब होता तेव्हा माझा!

मग शेजारच्या कुवेतवरून लढाई पेटली. कॅम्पात गॅसचे मुखवटे कुणालाच मिळाले नाहीत. सायरन झाला की माणसं ओले टॉवेल तोंडाला लावून बसत. साहेबांना देश सोडायच्या परवानगीचा शिक्का मिळाला. बाळाराम वेल्डरचा पासपोर्ट मात्र कफीलकडे, म्हणजे त्याला कामावर आणणाऱ्या सौदी मालकाकडे, आणि कफीलचा पत्ता नाही.

ही माणसं पत्राऐवजी घरी आवाजाची कॅसेट भरून पाठवायची. पण आता दुकानं बंद, कोरी कॅसेट मिळेना.

"साहेब, मला नाही तर माझा आवाज तरी न्या," बाळाराम म्हणाला. "तुमच्याकडे कॅसेटी आहेत."

"त्यात माझा सगळा अभ्यास आहे रे."

"आम्हीच गेलो तर अभ्यास कुणाचा करणार?"

साहेबांनी कॅसेटींची पेटी उघडली. मग त्यांनी बाळारामच्याच मुलाखतीची कॅसेट माझ्यात घातली आणि लाल बटण दाबलं. मागे रांग लागली. एकेक मुलाखत मी पुसत गेलो. जीव तीळतीळ तुटत होता, पण बटण दाबल्यावर मला नाही म्हणता येत नाही.

गुहागरला साहेबांनी मला बाळारामच्या बायकोसमोर, सत्यभामावहिनींसमोर ठेवून त्याची कॅसेट लावली. "सत्यभामा, मी बरा आहे. पोरांना..." एवढ्यात टेपमध्येच सायरन वाजला. निरोप तिथेच तुटला आणि पुढे न पुसलेली जुनी मुलाखत वाजू लागली.

"कायमचा गावी कधी येणार?" साहेब विचारत होते.

बाळाराम हसला. "विहिरीला पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी."

वहिनींनी साहेबांचा हात धरला. "पाणी लागलंय हो. दिवाळीनंतर लगेच लागलं. मी ह्यांना कॅसेट भरून पाठवली होती. पोचली नाही वाटतं."

मित्रांनो, बाळारामची खबर अजून नाही. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. पण कुणाचा निरोप तुमच्या हाती आला, तर हातातलं काम टाका आणि तो आधी पोचवा.